बालीच्या खेड्यात, परक्या घरात, वही घेऊन : सोलापूरहून मानवशास्त्राच्या फील्डवर्कला जाणाऱ्यांसाठी

बालीत उतरलेल्या भारतीय विद्यार्थ्याची पहिली चूक पहिल्याच दिवशी होते. ‘अरे, हे तर आपल्यासारखंच आहे’ असं तो मनाशी म्हणतो, आणि तिथंच त्याचं बघणं थांबतं. घराच्या कोपऱ्यात देवस्थान, सकाळ-संध्याकाळ फुलं, हात जोडून ‘ओम स्वस्तिअस्तु’, शक संवत्, वर जातीची विचारपूससुद्धा. युरोपातून आलेली मुलगी उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलेल्या फुलांच्या द्रोणाबद्दल पाच प्रश्न विचारते. सोलापूरचा मुलगा ‘नैवेद्य’ म्हणून तो ओलांडून जातो. रात्री तिच्या वहीत दीड पान भरलेलं असतं, त्याच्या वहीत एक शब्द असतो, आणि तोही चुकीचा. जमिनीवर ठेवलेलं ते देवांसाठी नसतंच, ते ‘भूत-काला’ म्हणजे खालच्या, उपद्रवी शक्तींसाठी असतं. वर, अर्पण ओलांडणं हा त्या घरात अपमान असतो.

म्हणून एक नियम आधीच करून घ्या. पहिले दोन आठवडे वहीत ‘नैवेद्य’, ‘देवघर’, ‘जात’, ‘गुढी’ हे शब्द लिहायचे नाहीत. ‘चानांग’, ‘सांगाह’, ‘वांग्सा’, ‘पेन्जोर’ हेच लिहायचं. अर्थ पुढे उलगडत जातो.

हा लेख सहा ते आठ आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी आहे. परदेशी विद्यापीठाचा फील्ड कोर्स, राहणं खेड्यातल्या कुटुंबात, आणि शेवटी एक अहवाल. सोलापूर विद्यापीठाची मे-जूनची सुट्टी यात नीट बसते. एप्रिल ते ऑक्टोबर हा बालीतला कोरडा हंगाम असल्यामुळे हवाही सोसते.

अर्ज भरण्याआधी विचारायचे प्रश्न

माहितीपत्रकात भातखाचरांचे फोटो असतात. कामाची माहिती विचारूनच मिळते. कोर्स चालवणाऱ्यांना ई-मेलवर, लेखी, एवढं विचारा : यजमानांना दर आठवड्याला किती पैसे मिळतात आणि कोण देतं? खोली स्वतंत्र आहे का, आतून कडी लागते का? एका घरात किती विद्यार्थी? (एकच असावा. दोन भारतीय एका घरात आले की इंडोनेशियन शिकणं तिथंच संपतं.) घर जमलं नाही तर किती दिवसांत बदलून देता? गावात रात्री मुक्कामाला कोण असतं? संशोधनाच्या नैतिक मंजुरीची जबाबदारी कुणाची? पैशांच्या प्रश्नावर गोलगोल उत्तर आलं तर तो कोर्स सोडा. यजमानाला वेळेवर पैसे मिळत नसले की त्या घरातला ताण तुमच्या ताटापर्यंत येतो.

क्रेडिट आपल्या विभागात धरले जातील का, हे निघण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. परत आल्यावर विचारणाऱ्यांचं सहसा काही होत नाही.

कागदपत्रं

पासपोर्टसाठी पुण्याला जावं लागत नाही. सोलापुरात डाकघर पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी, १० वर्षांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात एका ठिकाणी ‘राव’ आणि दुसरीकडे नाही. हे आधी आधारवर सरळ करून घ्या, मग अर्ज. इंडोनेशियात उतरताना पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते.

भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याला ५ लाख रुपिया लागतात आणि तो एकदाच, आणखी ३० दिवसांसाठी वाढतो. १ रुपयाला १८० ते १९० रुपिया धरून हिशेब करा, म्हणजे लाखांचे आकडे घाबरवत नाहीत. मुदत संपल्यावर राहिलात तर दंड दिवसाला १० लाख रुपिया. शिवाय बालीत येणाऱ्या परदेशी प्रवाशांकडून फेब्रुवारी २०२४ पासून १ लाख ५० हजार रुपिया वेगळे घेतात. ते ऑनलाइन आधी भरता येतात.

आता खरा मुद्दा. हा व्हिसा फिरायला येणाऱ्यांचा आहे. परदेशी माणसाला इंडोनेशियात संशोधन करायचं तर ‘ब्रिन’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी लागते. तुमचा कोर्स कोणत्या व्हिसावर आणि कुणाच्या परवानगीखाली चालतो, हे आयोजकांकडून लेखी घ्या. ‘सगळे टुरिस्ट व्हिसावरच येतात’ हे उत्तर पुरेसं नाही. अडकलात तर अडकणारे तुम्ही, आणि तुमच्या मागे यजमानही.

सोलापुरातच करायचा सराव

निघण्याआधी महिनाभर इथंच सराव करा. तिकिटाइतकंच याला महत्त्व आहे.

लक्ष्मी मंडईत किंवा मंगळवार बाजारात एका भाजीवालीच्या गाळ्याजवळ दोन तास बसा, अर्थात तिला विचारून. फोन खिशात. छोट्या डायरीत फक्त खुणेचे शब्द टिपा : ‘कोथिंबीर फुकट, म्हातारी, दुसऱ्यांदा आली’. घरी येऊन त्याच दिवशी पूर्ण नोंद लिहा. दोन तासांच्या बघण्याला चार तास लिहिणं लागतं, हे अंगावर आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर निम्मं जातं, आणि बोलण्याचे नेमके शब्द आधी जातात.

दुसरा सराव पूर्व भागात. यंत्रमागाच्या शेडमध्ये मालक एका भाषेत बोलतो, कामगार आपसांत तेलुगूत, हिशेब मराठीत, चहावाला कानडीत. कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतं याचा नुसता तक्ता तासाभर करा. सोलापूरकराला भाषा बदलणं इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही नोंदवण्यासारखं आहे असं त्याला वाटतच नाही. बालीत तुम्हाला हेच करायचंय. तिथं घरात बाली बोलतात, शाळेत आणि तुमच्याशी इंडोनेशियन, पुजाऱ्याशी बालीचीच वरची, आदराची बोली. कधी कोणती, हे कळलं की अर्धं गाव कळतं.

तिसरा सराव आपल्याच भावकीचा तक्ता. पुरुष त्रिकोण, स्त्री वर्तुळ, लग्न म्हणजे दोन आडव्या रेघा, मयत व्यक्तीवर तिरपी रेघ. वंशावळीतून समाज समजून घेण्याची रीत मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १९१० मध्ये मांडली आणि ती अजून चालते. तीन पिढ्या काढा. मामाच्या मुलीशी झालेली लग्नं आपल्या भागात सापडतातच. ती रेघ काढताना कागदावर जो गोंधळ होतो, तो घरच्या कागदावर झालेला बरा.

भाषा : ओळखीच्या शब्दांपासून सावध

इंडोनेशियनला लिंग नाही, क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहीत. रोज एक तास, आठ आठवडे दिले तर कामापुरती येते. संस्कृतातून गेलेले शब्द जागोजाग भेटतात आणि तेच फसवतात. ‘चिंता’ म्हणजे प्रेम. ‘नगारा’ म्हणजे देश. ‘दोसा’ म्हणजे पाप. ‘सुआमी’ म्हणजे नवरा आणि ‘इस्त्री’ म्हणजे बायको, त्यामुळे ‘इस्त्री आहे का’ असं कपड्यांसाठी विचारू नका. ‘कारना’ मात्र कारणच, आणि ‘नामा’ म्हणजे नाव.

एक फायदा आपल्याकडे आहे. रोमन लिपीतल्या ‘ई’ या एका अक्षराचे इंडोनेशियनमध्ये दोन उच्चार होतात. सहा या आकड्याला ‘अनाम’, चविष्टला ‘एनाक’, आणि लिहिताना दोन्हीची सुरुवात त्याच अक्षराने. देवनागरीत हा फरक लगेच दाखवता येतो. म्हणून प्रत्येक स्थानिक शब्द वहीत दोनदा लिहा : एकदा ते लिहितात तसा रोमनमध्ये, एकदा ऐकू आला तसा देवनागरीत.

बाली भाषेला पहिल्या महिन्यात फार हात घालू नका. तिच्यात समोरच्याच्या दर्जाप्रमाणे शब्दच बदलतात. आपल्या ‘तू’ आणि ‘आपण’मधल्या फरकापेक्षा हा पसारा बराच मोठा आहे. पाहुण्याच्या तोंडी चुकीच्या दर्जाचा शब्द गेला तर कुणी रागावत नाही, पण लहान मुलं आठवडाभर नक्कल करतात. इंडोनेशियन सुरक्षित. पुरुषांना ‘पाक’, बायकांना ‘बू’. घरात रुळल्यावर थोरल्या मुलाला ‘ब्ली’, थोरल्या मुलीला ‘म्बोक’, आजोबांना ‘पेकाक’, आजीला ‘दादोंग’.

सामान

एक सॅक आणि एक खांद्याची पिशवी, एकूण १५ किलोच्या आत.

भेट म्हणून सोलापुरी चादर न्यायचा मोह होतो. नेऊ नका. जड असते, आणि बालीच्या उकाड्यात ती पेटीतच पडून राहते. त्याऐवजी सोलापुरी टेरी टॉवेल न्या, घरातल्या माणसांच्या संख्येइतके. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे, वजन कमी, आणि रोज वापरात येतो. हातमाग-यंत्रमागाच्या गावचा आहे म्हटलं की विणकामावर बोलणं सुरू होतं. बालीत विणकामाची मोठी परंपरा आहे.

खाण्याचं : पाकीटबंद शेंगा चटणी अर्धा किलो, कडक ज्वारीच्या भाकरी स्टीलच्या डब्यात (पिशवीत चुरा होतो). फळं, दुधाचे पदार्थ, मांस नको. विमानतळावर विचारलं तर सरळ दाखवा. शेंगा चटणी तिथं आवडते, कारण शेंगदाण्याचा सांबाल, म्हणजे तिखट चटणी, त्यांच्याही जेवणात असतो.

बाकी : खांदे झाकणारे सुती कपडे, डोक्याला लावायचा टॉर्च, १०० पानी वह्या चार, खिशात मावणाऱ्या डायऱ्या सहा, बॉलपेन (जेलची शाई दमट हवेत फुटते), झिप लावायच्या प्लास्टिक पिशव्या. दोन गोल पिनांचा आपला चार्जर तिथं चालतो, तीन पिनांचा नाही. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. इंडोनेशियाचे अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत, आणि आपल्याकडची काही खोकल्याची औषधं त्यात सापडू शकतात.

लस आणि कुत्री

बालीत २००८ पासून रेबीज आहे आणि खेड्यातल्या प्रत्येक घरासमोर कुत्री असतात. चावण्याआधीची लस निघण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करा : ०, ७ आणि २१ किंवा २८ वा दिवस. ती घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच. लस आधी घेतल्याचा मोठा उपयोग हा की रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन हे इंजेक्शन शोधत धावावं लागत नाही, जे खेड्यात मिळणं अवघड असतं. टायफॉइड आणि हिपॅटायटिस-ए बद्दलही डॉक्टरांना विचारा. डेंग्यूसाठी दिवसाही डास टाळायचे.

आराक ही गावठी दारू आग्रहाने पुढे येते. मिथेनॉल मिसळल्याने इंडोनेशियात माणसं दगावली आहेत. ‘पोट बिघडलंय’ म्हणून ओठ न लावता पेला पुढे द्या. स्कूटर चालवू नका. वैध परवाना नसताना अपघात झाला की विमा कंपनी दावा नाकारते, आणि दवाखान्याचं बिल तुमच्या गळ्यात पडतं.

पहिले तीन दिवस : घराचा नकाशा

पहिल्या दिवशी यजमानांसोबत बांजारच्या प्रमुखाकडे, म्हणजे क्लिहानकडे जा. बांजार म्हणजे वस्तीचं संघटन. लग्न, मयत, देवळाचं काम सगळं त्याच्यामार्फत. गावाला प्रशासन दोन असतात : सरकारी देसा दिनास आणि परंपरेचं देसा आदात. परदेशी पाहुण्याची नोंद सरकारी बाजूला व्हावी लागते. आदातच्या बाजूला तुमचं तोंड दाखवावं लागतं. एक करून दुसरं राहिलं तर आठवड्याने कुणीतरी ‘हा कोण’ विचारतं, आणि त्याचं उत्तर यजमानाला द्यावं लागतं.

मग घर मोजा, पावलांनी. बाली घर म्हणजे एक इमारत नसते. भिंतीच्या आत वेगवेगळ्या छपरांखालच्या खोल्या आणि ओटे असतात. दारातून शिरताच समोर आडवी छोटी भिंत, आलिंग-आलिंग. तिला वळसा घालून आत. नकाशावर उत्तरेचा बाण काढू नका, डोंगराचा काढा. तिथल्या दिशा ‘काजा’ म्हणजे डोंगराकडे आणि ‘क्लोद’ म्हणजे समुद्राकडे. सूर्य उगवतो ती ‘कांगिन’, मावळतो ती ‘काउह’. बेटाच्या दक्षिणेकडच्या गावात काजा उत्तरेला पडतं. सिंगाराजाच्या बाजूला, बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, तेच काजा दक्षिणेला. नकाशावर ‘काजा = उत्तर’ लिहून मोकळे झालात तर दुसऱ्या गावात सगळंच उलटं दिसतं.

काजा आणि कांगिन जिथं मिळतात त्या कोपऱ्यात घराचं देवस्थान, सांगाह. स्वयंपाकघर, पाओन, साधारणपणे क्लोद बाजूला. त्यापलीकडे डुकरं, कचरा, केळी.

आता स्वतःची खाट बघा. आपल्याकडे उत्तरेला डोकं करून झोपू नये म्हणतात. दक्षिण बालीत उशी नेमकी उत्तरेला, म्हणजे काजाला असते, किंवा कांगिनला. आजीने सांगितलेलं आठवून तुम्ही रात्री उशी फिरवली तर पाय देवस्थानाकडे जातात. सकाळी खोली झाडायला आलेल्या बूला ते दिसतं आणि ती काही बोलत नाही. उशी आहे तशी ठेवा, आणि ‘इकडेच का’ हे विचारा. तेवढ्या एका प्रश्नावर अख्खी सकाळ जाते.

दोरीवर कपडे वाळत घालतानाही हाच विचार. कमरेखालचे कपडे उंच दोरीवर, ज्याखालून माणसं जातात तिथं नको. देवळात नेसायच्या कपड्यांसोबत भिजवायचेही नाहीत. न्हाणीघरात पाण्याची टाकी आणि गायुंग, म्हणजे तांब्यासारखं भांडं. टाकीत उतरायचं नाही, साबण टाकीत जाऊ द्यायचा नाही. यात आपली मुलं कधीच चुकत नाहीत.

जेवण

इथं मात्र चुकतात. आपल्याकडे ‘बसा जेवायला’ अशी हाक येते, ताटं मांडली जातात. बालीच्या खेड्यात भात आणि त्यासोबतचं सकाळी एकदाच शिजतं, झाकून ठेवलं जातं, आणि ज्याला भूक लागेल तो येऊन वाढून घेऊन खातो, बहुतेकदा एकटाच, फारसं न बोलता. हाकेची वाट बघत खोलीत बसलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी उपाशी झोपतो आणि ‘मला कुणी विचारलं नाही’ अशी नोंद करतो. यजमानांच्या बाजूने तो खात नाही म्हणजे त्याला आवडलं नाही. पहिल्याच दिवशी ‘मी कधी खाऊ’ हे विचारून टाका. शिजवल्यावर आधी छोटे छोटे घास घरभर ठेवले जातात, ते होईपर्यंत थांबा.

शाकाहारी असाल तर ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘डागिंग’ म्हणजे मांस, ‘इकान’ म्हणजे मासे, ‘तरासी’ म्हणजे सांबालातली कोळंबीची पेस्ट, आणि डुकराची चरबी, हे चारही वेगवेगळं सांगावं लागतं. समारंभातल्या लावार या पदार्थात मांस आणि पुष्कळदा रक्तही असतं. अंडं चालत असेल तर आधीच सांगा, बूचा जीव भांड्यात पडतो. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू आणि भाज्यांवर आठ आठवडे आरामात निघतात. मांसाहारी असाल पण डुक्कर खात नसाल, तर तेही पहिल्याच दिवशी, हसत सांगून टाका. तिसऱ्या आठवड्यात सांगितलं की तोवर काय काय खाल्लं याचा हिशेब होतो.

नावं आणि नाती

घरात तीन वायान असू शकतात. बहुतेक कुटुंबांत नाव जन्मक्रमाने ठेवतात : पहिला वायान किंवा पुतु, दुसरा मादे किंवा कादेक, तिसरा न्योमान किंवा कोमांग, चौथा क्तुत, पाचव्यापासून पुन्हा पहिल्यावर. म्हणून पहिल्या दिवसापासून संकेत वापरा : घर ३, व्यक्ती २. खऱ्या नावांची यादी वेगळ्या वहीत, आणि ती वही वेगळ्या पिशवीत.

मूल झालं की आईबापांची हाक बदलते. ‘पान अमका’ म्हणजे अमक्याचा बाप, ‘मेन अमका’ म्हणजे अमक्याची आई. आपली ‘बंड्याची आई’ आठवते. आठवू द्या, पण लगेच पुढचे प्रश्न विचारा : नातू झाल्यावर काय? मूल नसलेल्याचं काय? आपल्याकडे ही सोयीची हाक असते. तिथं तिच्यावरून माणूस कोणत्या पिढीच्या पायरीवर आहे हे गावाला कळतं.

नात्यांत मराठी माणूस आणखी एका ठिकाणी घसरतो. इंडोनेशियनमध्ये ‘पामान’ म्हणजे मामाही आणि काकाही. ‘काकाक’ म्हणजे थोरलं भावंड, मग भाऊ असो की बहीण. वहीत ‘काका’ लिहिलंत की सांगणाऱ्याने न सांगितलेली माहिती तुम्ही घातलीत. नातं फोडून लिहा : आईचा भाऊ, बापाचा धाकटा भाऊ. घराचा वंशतक्ता तिसऱ्या आठवड्याआधी मागू नका. गेलेली मुलं, मोडलेली लग्नं, वाटण्या सगळं त्यात बाहेर येतं, आणि परक्याला पहिल्या आठवड्यात ते कुणी का सांगावं?

तुमची जात विचारली जाईल. तिथंही चार विभाग मोजतात आणि भारतातून आलेल्याबद्दल कुतूहल असतं. टाळाटाळ नको, व्याख्यानही नको. थोडक्यात उत्तर द्या आणि ‘तुम्हाला हे का विचारावंसं वाटलं’ असं विचारा.

रोजची वही

दिवसा खिशातली डायरी, रात्री पूर्ण नोंद. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तारीख, वेळ, जागा, हजर कोण. माणसाचे नेमके शब्द अवतरणात, तुम्ही केलेला सारांश अवतरणाशिवाय, आणि तुमचा अर्थ डाव्या समासात दुसऱ्या रंगाने. या तीन गोष्टी मिसळल्या की सहा आठवड्यांनी ‘हे तो म्हणाला की मला वाटलं’ हे ठरवता येत नाही. राग, रडू, घरची आठवण हे तिसऱ्या वहीत. ते टाकून देऊ नका, अहवाल लिहिताना आपण कधी चिडलेलो होतो ते कळणं उपयोगी पडतं.

मराठीत लिहा. वेग येतो आणि घरातल्या मुलांनी वही उघडली तरी झाकलेलं राहतं. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास जातात, म्हणून आठवड्याला दोनपेक्षा जास्त नकोत. मार्गरेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञांनी १९३६ ते १९३९ या काळात बालीत सुमारे २५,००० फोटो काढले, पण त्यांच्यासोबत वेळा नोंदवत लिहिणारी माणसं होती. तुमच्या फोनमधल्या ३,००० फोटोंना नोंद नसेल तर त्यांचा उपयोग घरी दाखवण्यापुरताच.

माहिती मुलाखतीत कमी आणि कामात जास्त मिळते. देवळाच्या सामूहिक कामाला ‘ङायाह’ म्हणतात. बांजारचा लाकडी ठोका, कुलकुल, वाजला की माणसं जमतात. बायका नारळाची कोवळी पानं कापून अर्पणं विणतात, पुरुष पहाटे मसाला आणि मांस चिरतात. सप्ताहाच्या पंगतीच्या स्वयंपाकात जशी गावातली सगळी खबर मिळते, तशी इथं. विचारू नका, सुरी हातात घ्या. मुलगा असाल तर बायकांच्या मंडळात आणि मुलगी असाल तर पुरुषांच्या चिरकामात जागा मिळणार नाही. काय दिसलं नाही, हेही नोंदवा.

समारंभ आणि सुतक

देवळात जाताना काम्बेन हे गुंडाळून नेसायचं वस्त्र आणि कमरेला सलेंदांग हा पट्टा, पुरुषांना डोक्याला उदेंग हा रुमाल. बूकडून नेसवून घ्या. मासिक पाळीत आणि घरात मयत झाल्यावर काही काळ देवळात जात नाहीत. मुलींना हे थेट विचारलं जातं, अपमान म्हणून नव्हे. पटत नसेल तर त्या दिवशी बाहेर थांबा, वाद अहवालात घाला. पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभं राहून फोटो काढायचे नाहीत.

गालुंगान हा मोठा सण दर २१० दिवसांनी येतो. १७ जून २०२६ ला आहे, म्हणजे उन्हाळी कोर्सच्या आतच. त्या आठवड्यात मुलाखती ठरवू नका, कुणाला वेळ नसतो. न्येपी, तिथलं शक नववर्ष, गुढीपाडव्याच्या सुमारास येतं. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच आले. चोवीस तास घराबाहेर पडायचं नाही, दिवा नाही, विमानतळसुद्धा बंद. त्या सुमाराला जाणाऱ्यांनी तिकीट बघून काढावं.

कोंबड्यांची झुंज दिसेलच. जुगार इंडोनेशियात बेकायदा आहे. पैसे लावू नका, चेहरे दिसतील असे फोटो नकोत, वहीत नावं नकोत.

बिघडलं तर

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळं नको होतं. पहाटे चारला कोंबडे, दिवसभर ‘माऊ क माना’, म्हणजे कुठं चाललात, आणि एकांत शून्य. हा प्रश्न चौकशी नसते. आपल्याकडं ‘कुठं निघालाव?’ म्हणतात तसा. ‘जालान-जालान’, जरा फिरायला, एवढं उत्तर पुरतं. आठवड्यातला एक दिवस गावाबाहेर काढा, यजमानांना आधी सांगून.

पैसे उसने मागितले गेले तर ‘कोर्सचा नियम आहे’ म्हणा आणि आयोजकांच्या कानावर घाला. एका घराला दिलं की तिसऱ्या दिवशी गावाला कळतं. समारंभाला काय न्यायचं ते बूला विचारा. तांदूळ, साखर, कॉफी असं काही असतं.

कुणी अंगचटीला आलं, रात्री खोलीशी कुणी घुटमळलं, तर ‘संस्कृती वेगळी असेल’ असा विचार करत बसू नका. त्याच रात्री आयोजकांना फोन आणि घर बदल. अहवाल नंतर. डेन्पसारमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे. त्याचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा.

निघताना

शेवटच्या आठवड्यात नवं काही विचारू नका. तक्ते आणि नकाशा घरच्यांना दाखवा, चुका ते हसत हसत काढतात, आणि त्या दुरुस्त्या हाच पुष्कळदा अहवालातला सर्वांत चांगला भाग असतो. कुणी ‘हे लिहू नको’ म्हटलं तर त्याच्यासमोर खोडा. गावातल्या स्टुडिओत घरच्यांचे फोटो कागदावर छापून द्या, फोनवर पाठवलेले हरवतात. क्लिहानला पुन्हा भेटून निरोप घ्या, नाहीतर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याच्याकडे चहा उशिरा मिळतो.

सोलापुरात परतल्यावर पहिले दोन दिवस कुणाला काही सांगू नका, आधी राहिलेल्या नोंदी पूर्ण करा. एकदा गोष्ट सांगितली की पुढे तीच आठवते. आणि पुढच्या गालुंगानची तारीख २१० दिवस मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी फोन करताना वेळ बघा, बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.